दर उन्हाळ्यात पुढे कलणारी व्हिनिल फिगर : कारण आणि पक्का इलाज

लक्षण ठरलेलं आहे. दिवाळीच्या सुमारास बांधून रंगवलेली, शोकेसमध्ये ताठ उभी असलेली फिगर एप्रिल संपता संपता किंचित पुढे कलते. आधी वाटतं, आपल्यालाच तसं दिसतंय. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सरेपर्यंत डोकं बेसच्या कडेबाहेर आलेलं असतं. घोट्याच्या पुढच्या बाजूला चुणी पडते आणि मागच्या बाजूला रंगाला केसासारखे बारीक तडे जातात. गरम पाण्यात धरून सरळ केली की पावसाळा, हिवाळा बरा जातो. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

नागपुरात व्हिनिल किट बांधणाऱ्यांपैकी फार थोडे यातून सुटतात. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांना विचारलं तर ते म्हणतात, आमच्याकडे असं होत नाही, आणि ते खरंच आहे. म्हणून इथल्या उन्हाळ्याचा विचार करूनच इलाज ठरवावा लागतो.

पुढे सांगतोय ते पोकळ व्हिनिलच्या किटबद्दल. जपानच्या बिलिकेन आणि कायोदोची, अमेरिकेच्या होरायझन आणि स्क्रीमिनची १९८०-९०च्या दशकांतली परग्रहवासी, रोबो, राक्षसी प्राणी अशी किट्स डोळ्यासमोर आणा. १/६ मापात सहा फुटी पात्र साधारण ३० सेंमी होतं, १/४ मापात ४५ सेंमीच्या पुढे जातं. जितकी उंच फिगर, तितका हा त्रास जास्त. भरीव रेझिनच्या किटचं दुखणं वेगळं असतं, ते इथे घेत नाही.

व्हिनिल का वाकतं

व्हिनिल म्हणजे पीव्हीसी. नुसतं पीव्हीसी कडक असतं, घरातल्या पाइपासारखं, आणि ते साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. किटसाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव मिसळलेला असतो, त्याने ते लवचिक होतं. लवचिकपणाबरोबर मऊ पडण्याचं तापमानही बरंच खाली येतं. हा द्रव पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मुरलेला असतो, आणि वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत राहतो. कलण्याचा त्रास आणि पुढे येणारा चिकट रंगाचा त्रास, दोन्हींचं मूळ इथेच आहे.

दुसरी गोष्ट बनवण्याच्या पद्धतीतली. धातूच्या साच्यात पातळ व्हिनिल ओततात आणि साचा तापवतात. भिंतीला लागून असलेला थर घट्ट झाला की मधला पातळ भाग ओतून देतात, थर पूर्ण शिजवतात आणि भाग गरम, मऊ असतानाच पक्कडीने ओढून काढतात. त्यामुळे भाग पोकळ निघतो आणि भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते. पायाचा तुकडा कापल्यावर कडेकडे नीट बघा. मांडीकडे भिंत जाड आणि घोट्याकडे पातळ, असं पुष्कळदा दिसतं. नेमक्या त्या सर्वांत पातळ, सर्वांत अरुंद जागेवर अख्ख्या फिगरचं वजन येतं.

आता यात आपला मे महिना घाला. ४५ अंश ही इथे बातमी होत नाही. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं. हे झालं सावलीतल्या हवेचं तापमान. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या काचेच्या शोकेसमध्ये त्याहून जास्त भरतं. एखादा साधा थर्मामीटर शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवून दुपारी चारला बघा, म्हणजे बाकीचं वेगळं सांगावं लागणार नाही. या तापमानाला व्हिनिल वितळत नाही, पण सतत वजनाखाली असेल तर रोज थोडं थोडं सरकतं. रात्री थंड होतं तेव्हा आहे त्याच आकारात घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.

म्हणून नुसतं सरळ करून भागत नाही. घोट्यावरचं वजन कायम आहे तोवर पुढचा उन्हाळा तेच करणार.

आधी ओळखा, नेमकं काय हललंय

सगळी कलणी एका कारणाची नसते, आणि इलाज चुकला तर रंगाची नासाडी होते. फिगर टाइल्सच्या भिंतीसमोर ठेवा, टाइल्सच्या उभ्या रेषेवरून बाजूने फोटो काढा. सकाळी एक, दुपारी एक.

गुडघ्याच्या वरचा सगळा भाग जसाच्या तसा असेल आणि फक्त घोट्यातून पूर्ण आकृती कलली असेल, तर तो वजनाचा परिणाम. अंगठ्याने घोटा दाबून बघा, सकाळी आणि दुपारी फरक हाताला कळतो. याला आतून सांगाडा घालण्याशिवाय उपाय नाही.

आकृती सरळ आहे, पण कंबरेच्या किंवा शेपटीच्या सांध्याला फट पडली असेल, तर प्रकार वेगळा. व्हिनिलला साच्यातला आकार लक्षात राहतो. बांधताना सांधा जुळावा म्हणून तुम्ही तो भाग गरम करून थोडा वाकवलेला असणार. उष्णतेत तो मूळ आकाराकडे जायला बघतो आणि सांधा ओढतो. इथे सांधा उघडून, आतून इपॉक्सी पुट्टीचा पट्टा देऊन पुन्हा जोडायचा.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा, नुसता गोंद सुटलेला. फेविक्विकसारखा गोंद पटकन धरतो, पण वाळल्यावर ठिसूळ असतो आणि व्हिनिल लवचिक. वजन पेलणाऱ्या सांध्यात तो फक्त भाग जागेवर धरायला वापरा, ताकदीसाठी आतून इपॉक्सी द्या. अराल्डाइट चालतं.

सरळ करणं

रंग लावलेला नसेल तर पाणी उकळून गॅस बंद करा, पाच-सात मिनिटं थांबा आणि पाय त्यात बुडवा. मिनिटभरात भाग मऊ पडतो. कापडाने धरून हवा त्या आकारात आणा आणि लगेच थंड पाण्यात घाला. हे थंड पाणी खरोखर थंड हवं. इथे पुष्कळांची गडबड होते, कारण मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हात ठेववत नाही इतकं तापलेलं असतं. त्यात धरलेला पाय थंड होतच नाही, आपण सोडतो आणि तो पुन्हा कलतो. माठातलं पाणी घ्या, त्यात बर्फ टाका आणि आतली पोकळीही पाण्याने भरू द्या. बाहेरून गार लागला तरी आतून गरम असू शकतो, म्हणून निदान पाच मिनिटं हलवू नका.

रंगवलेली फिगर असेल तर पाणी नको, हेअर ड्रायर घ्या. वीतभर अंतरावरून, फिरता ठेवून, फक्त घोटा तापवा. घाई केली तर रंगाला फोड येतात. सरळ झाली की बर्फाच्या पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून धरा. ड्रायरच्या जागी हीट गन वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिची सर्वांत कमी सेटिंगसुद्धा पातळ घोट्याला जास्त होते. सोल्डरिंग आयर्नने भोकं पाडणं, तापलेल्या सुरीने कापणं हेही टाळा. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईडचा वायू सुटतो, आणि तो घशाला, फुप्फुसाला वाईट असतो.

सांगाडा

नागपूरच्या चितार ओळीत मोठी मूर्ती उभी राहते तेव्हा मूर्तिकार आधी बांबू आणि गवताचा सांगाडा बांधतात, माती नंतर चढते. व्हिनिल फिगरलाही तसंच लागतं, कारण तिची कातडी स्वतःचा भार पेलण्यासाठी नाही.

दोन्ही पायांत सांगाडा घाला. एकाच पायात घातला तर दुसरा पाय उन्हाळ्यात खचतो आणि आकृती पिळली जाते, मग ती सरळ करणं आणखी अवघड. ताठ पायासाठी ४ मिमीचा थ्रेडेड रॉड, म्हणजे आटे पाडलेली सळी, चांगला. खालून बेसमधून बाहेर काढून नट लावता येतो. गुडघ्यात वाकलेल्या पायाला तो कामाचा नाही. तिथे ८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार घ्या, ती साधारण ४ मिमी जाड असते आणि पक्कडीने पोझप्रमाणे वळते. इतवारीत लोहा ओळीकडे हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं मिळतं. ॲल्युमिनियमची तार वळायला सोपी, पण १/४ मापाच्या फिगरला मी ती घालणार नाही.

नवीन किट असेल तर पाय कंबरेला जोडण्याआधी, वरून उघडा असतानाच हे काम उरका. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून, जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. साच्याचं तेल राहिलं तर पुट्टीही धरत नाही आणि रंगही. मग जिथे हात पोचतो तिथे आतली बाजू ८० नंबरच्या सँडपेपरने खरवडा. इपॉक्सी व्हिनिलला मनापासून चिकटत नाही, तिला खडबडीत पृष्ठभाग हवा. तळपायाला भोक पाडा, तार आत सरकवा, गुडघ्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत जाईल एवढी घ्या. खाली बेसमध्ये शिरायला दोन-तीन सेंमी बाहेर ठेवा.

आता भरणं. एम-सील किंवा मॉडेलवाल्यांची इपॉक्सी पुट्टी थोडी थोडी मळा, ओल्या बोटाने किंवा लाकडी काडीने तळपायापासून वर दाबत चला. उन्हाळ्यात ती लवकर आवळते, म्हणून एकदम सगळी मळू नका. घोट्याच्या अरुंद गळ्यात पुट्टी पूर्ण भरली आणि वर पोटरीत थोडी रुंदावली की ती निसटत नाही. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः गरम होते. मोठा गोळा एकदम भरला तर आतून भिंत मऊ पडते, म्हणून टप्प्याटप्प्याने. भरताना पाय बेसवर, शेवटच्या पोझमध्ये टेकवून ठेवा.

प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल नेहमी विचारलं जातं, कारण ते स्वस्त आहे आणि जुन्या पद्धतीत तेच वापरत. मी ते सुचवत नाही. घट्ट होताना तेही तापतं, त्यात पाणी असतं, आणि बंद पोकळीत ते पाणी महिनोन्‌महिने राहतं. तारेला गंज चढतो. वापरायचंच असेल तर बोटभर उंचीचे थर द्या आणि पाय कंबरेला जोडण्याआधी पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, त्याला दिवस लागतात. फुगणारा फोम मात्र अजिबात नको. तो फुगताना पातळ भिंत बाहेर ढकलतो, आणि पोटरीला आलेला फुगवटा नंतर जात नाही.

छाती, डोकं भरू नका. वर जेवढं कमी वजन तेवढं चांगलं. पाय भरीव आणि धड पोकळ, एवढंच पुरतं.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी करत नाही. पोकळ धड पूर्ण बंद झालं की आतल्या हवेला वाट राहत नाही. २५ अंशांची हवा ५० अंशांवर गेली की बंद जागेत साधारण आठ टक्के जास्त जागा मागते. व्हिनिल त्याच वेळी मऊ असतं, त्यामुळे सांधे उघडतात. पाय भरल्याने तळपायातून वाट बंद झाली असेल तर पाठीखाली किंवा शेपटीच्या बुडाशी, न दिसेल अशा जागी २ मिमीचं भोक ठेवा.

आधीच रंगवून झालेल्या फिगरला सांगाडा घालता येतो, पण काम किचकट. ती बेसवरून सोडवा, सरळ करा, तळपायातून हातड्रिलने भोक पाडून रॉड वर सरकवा आणि त्याच भोकाशेजारी दुसरं मोठं भोक घेऊन पातळ इपॉक्सी सिरिंजने सोडा. फिगर उलटी धरली तर इपॉक्सी धडात वाहून जाते, म्हणून रॉड सरकवण्याआधी त्याच्या वरच्या टोकाला कापसाचा घट्ट बोळा गुंडाळून तो गुडघ्याजवळ अडकवा. मगच फिगर उलटी करून इपॉक्सी सोडा, आणि तीही दोन-तीन वेळा थोडी थोडी.

रंग चिकट राहत असेल तर

फिगर सरळ असूनही हाताला चिकटते, त्यावर धूळ बसते ती पुसली जात नाही, अशीही तक्रार याच दिवसांत येते. इनॅमल रंग किंवा हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे थेट व्हिनिलवर मारलेला असतो. प्लास्टिसायझर त्या थरात शिरतो आणि रंग कधीच पूर्ण वाळत नाही, आणि उष्णतेत हे वेगाने होतं. वरून वार्निश मारला की काही दिवस बरं वाटतं, टाल्कम पावडर लावली तरी तेच. ऊन वाढलं की चिकटपणा परत येतो. खरा उपाय म्हणजे तो थर काढून पुन्हा रंगवणं. काढताना ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्याने व्हिनिल फुगतं आणि मऊ पडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ॲक्रिलिक उतरतं. मुरलेलं इनॅमल फार हट्टी असतं, तिथे घासून जेवढं निघेल तेवढंच.

व्हिनिलसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पातळ थरांत, किंवा खास व्हिनिलसाठीच बनवलेले रंग, उदाहरणार्थ जपानी व्ही-कलर. कोणताही नवीन रंग आधी कापून टाकलेल्या कडेच्या पट्टीवर लावा. ती पट्टी त्याच किटच्या व्हिनिलची असते, म्हणून तिच्याइतका खरा नमुना मिळत नाही. पट्टी त्याच शोकेसमध्ये पंधरा दिवस ठेवा आणि दुपारच्या वेळी नख लावून बघा.

तड्यांची डागडुजी

सांगाडा घातल्यावर घोटा हलायचा थांबतो, त्यानंतरच तडे बुजवा. आधी बुजवले तर पुन्हा फाटतात. ॲक्रिलिक पातळ करून बारीक ब्रशने तड्यात सोडा. परग्रहावरच्या प्राण्याची खवलेदार, ओलसर कातडी असेल तर सपाट ब्रश फिरवू नका. स्पंजचा तुकडा चिमट्यात धरून दोन-तीन छटा टिपत जा, गडद आधी, फिकट नंतर, आणि शेवटी सभोवतालच्या चमकीप्रमाणे मॅट किंवा ग्लॉस. जोड तिथे दिसत नाही.

एअरब्रश वापरणार असाल तर मे महिन्यात दुपार सोडा. कोरड्या झळांत ॲक्रिलिक नोझलवरच वाळतं, फिगरवर पोचतं तेव्हा त्याची नुसती पूड झालेली असते. सकाळी सहा ते नऊ बरी वेळ, रंगात थोडा रिटार्डर, म्हणजे रंग वाळायला उशीर लावणारा द्रव. कूलरसमोर बसून रंगवू नका. हवेतला ओलावा मदत करतो हे खरं, पण कूलरच्या गवताचे बारीक तंतू आणि धूळ ओल्या रंगावर येऊन बसते. खोली गार करून घ्या, कूलर बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग सुरू करा. उलट जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रेच्या डब्यातला लॅकर क्लिअर मारला तर दमट हवेत पांढरट धुकं येतं, ते काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा.

कुठे ठेवायची

आतल्या भिंतीला, खालच्या फळीवर. स्लॅबची उष्णता वरून उतरते, त्यामुळे वरची फळी सर्वांत तापते. शोकेसमध्ये जुना हॅलोजन असेल तर काढा. बंद स्टीलच्या कपाटात ठेवू नका आणि प्रदर्शनाला नेताना उन्हात उभ्या गाडीत सोडू नका.

बेस पॉलिस्टायरीनचा असेल तर व्हिनिलचा तळपाय थेट त्यावर टेकवू नका. व्हिनिलमधला प्लास्टिसायझर पॉलिस्टायरीन विरघळवतो, काही महिन्यांनी पाय रुतलेला दिसतो. मऊ पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकली की थर्माकोल खाल्लं जातं, त्याचं कारण हेच. म्हणून फिगर गुंडाळून ठेवायलाही थर्माकोल नको. बेससाठी लाकडी फळी घ्या, त्यातून रॉडचा नट खालून आवळता येतो.

एप्रिल-मेमध्ये मागवलेलं किट घरी पोचतं तेव्हा पाय-हात चपटे झालेले असू शकतात. ते परत पाठवायची घाई करू नका. वर सांगितलेल्या गरम पाण्यात मोकळे सोडा, साच्यातला आकार बहुतेक आपोआप परत येतो. चेहरा मात्र आधी तपासा, डोळ्याजवळची घडी पाण्याने गेली नाही तर बदली भाग मागा. गरम पाण्यातून काढलेले भाग बर्फाच्या पाण्यात थंड झाल्यावर टेबलावर आडवे सुकवा. उभे टेकवून ठेवले तर दुपारपर्यंत पुन्हा वाकतात.